प्रेरणा आकाशातून पडत नाही : जाते, घुंगरकाठी आणि गेटपास



आपल्या चौकच्या परिसरातला एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आमच्या रविवारच्या वाचन वर्गाला येतो. त्याची आई एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट करते. बारा वर्षे झाली, तरी तिचा गेटपास दर काही महिन्यांनी नव्याने निघतो, आणि दर वेळी ती कागदावर नवी कामगार होते. या मुलाने आईच्या गेटपासवर कविता लिहिली. पासवरचा जुना फोटो, त्यातले काळे केस, आणि आता पदराखाली पांढरे झालेले केस, एवढीच ती कविता. तो ती घेऊन एका काव्यवाचन स्पर्धेला गेला. परीक्षक म्हणाले, "बाळ, ही बातमी झाली. कवितेला प्रेरणा लागते. निसर्ग बघ, इर्शाळगडावरचं धुकं बघ."

मुलगा परत आला आणि मला म्हणाला, "ताई, आमच्या घरात कवितेसारखं काहीच घडत नाही का?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या मुलासाठी आहे, आणि आपल्या वस्त्यांमध्ये वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहून ते लपवून ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

कोणाचे रोजचे जगणे कलेच्या लायकीचे?

कलावंत आपली प्रेरणा रोजच्या जगातून घेतो, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात फार गोड वाटते. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो : कोणाच्या रोजच्या जगातून? या देशात रोजचे जगणेसुद्धा जातीने वाटून दिलेले आहे. एकाच गावात एकाची सकाळ पूजेच्या फुलांनी सुरू होत होती आणि दुसऱ्याची मेलेले जनावर ओढण्याने. यातली कोणती सकाळ काव्यात येईल, हे कोण ठरवत होते?

जुन्या काव्यशास्त्राने ते उघड लिहूनच ठेवले आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त महाकाव्याचा नायक देव असावा किंवा उच्च कुळातला क्षत्रिय असावा, असा नियम आहे. नाट्यशास्त्रात कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी याचीही वाटणी आहे. राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलणार, बहुतेक स्त्रिया आणि खालची मानलेली पात्रे प्राकृत बोलणार. म्हणजे आपली बोली रंगमंचावर येत होती, पण उतरंडीतली खालची जागा दाखवण्यासाठी. त्या परीक्षकांनी हे ग्रंथ वाचले असतील असे मला वाटत नाही. पण नियम पुस्तकातून पुसला गेला तरी डोक्यातून जात नाही. 'प्रेरणा' हा शब्द धुक्यासाठी राखून ठेवायचा आणि गेटपासला 'बातमी' म्हणायचे, ही त्याच नियमाची आजची आवृत्ती आहे.

जात्याची विद्यापीठे

ज्यांना लिहायला मनाई होती, त्यांची कला कुठे होती? ती जात्यावर होती. पहाटे उठून दळण दळताना बायांनी ओव्या रचल्या. जात्याच्या फेऱ्याने लय दिली, हाताच्या वेदनेने विषय दिला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्राच्या गावागावांतून या ओव्या गोळा केल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या पुढे जातो, आणि तो संग्रह आज 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. त्यात माहेर आहे, सासर आहे, भाऊ आहे, पाऊस आहे. आणि त्यात बाबासाहेबही आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमध्ये १९९६ साली या गटाने बायांकडून भीमाच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. ज्या जात्यावर पिढ्यान् पिढ्या विठ्ठलाचे नाव फिरले, त्याच जात्यावर भीमाचे नाव फिरू लागले. हे कोणत्या अकादमीने शिकवले नव्हते.

माझी आजीही गायची. तिच्या ओव्यांत भीम असायचा, रमाई असायची, आणि पावसात गळणारे आमचे घरही असायचे. ती गेली तेव्हा मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. लोकसाहित्यावर टिपणे काढत होते, आणि घरातली एकही ओवी लिहून घेतली नव्हती. ही चूक माझी आहे. ती सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आजी अजून आहे.

१८५५ : एका वर्षातल्या दोन गोष्टी

रोजच्या जगण्यातून लिहिण्याची आपली परंपरा नवी नाही. १८५५ साली महात्मा फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात देव नाही, राजा नाही. एक गरोदर कुणबीण आहे, तिचा नवरा आहे, आणि ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी आहे. त्या काळी गावोगाव घडणारा हा प्रसंग होता. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. त्याच वर्षी फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने तो कोणत्या कल्पनेतून लिहिला नाही. आपल्या लोकांच्या बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसते, हे तिने पाहिले होते आणि तेच लिहिले.

पुढे १८८५ मध्ये न्या. रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा फुल्यांनी तिला पत्र पाठवून साफ नकार कळवला. त्या पत्राचा आशय असा, की ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या रोजच्या हालांचा पत्ताच नाही, त्यांच्याशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही. कला आणि रोजचे जग यांच्या नात्यावरचा हा मराठीतला पहिला मोठा वाद आहे असे मी मानते. साहित्याच्या इतिहासात तो बहुतेक वेळा तळटीप होऊन राहतो.

पाणी, पैसा आणि घुंगरकाठी

आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी पिण्याइतकी रोजची गोष्ट दुसरी कोणती? त्या एका ओंजळीतून पुढच्या जवळपास शंभर वर्षांत किती गाणी, किती चित्रे, किती पोवाडे आले, याची मोजदाद नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. पाणी पूर्वीही होते आणि तहानही पूर्वी होती. तहानेचे गाणे व्हायला आधी तहानेचा हक्क कळावा लागला.

याच लढ्याच्या काळातला दुसरा प्रसंग प्रसिद्ध आहे. तमासगीर पठ्ठे बापूराव जन्माने ब्राह्मण होते, आणि त्यांच्या फडाची नामांकित कलावती पवळा महार होती. त्यांनी आपल्या कलेच्या कमाईतून महाडच्या लढ्याला मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. महार बाईला नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. या नकाराची पवळेच्या बाजूनेही चर्चा व्हायला हवी, असे आज स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात. मला ते रास्त वाटते. कारण पवळा कलावंत होती, आणि तिची कला खोटी नव्हती. पण बाबासाहेबांचा मुद्दाही तितकाच खरा होता : जे रोजचे जगणे जातीने लादलेले आहे, ते जसेच्या तसे रंगमंचावर मांडून टाळ्या मिळवणे म्हणजे मुक्ती नव्हे.

या पेचातून वाट काढली आंबेडकरी जलशांनी. सत्यशोधक जलशांची वाट पुढे नेत १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी नाशिकपासून मुंबईपर्यंत जलसे गाजवले. त्यांनी तमाशाचा ढाचा घेतला, ढोलकी घेतली, बतावणी घेतली. गौळणीची छेडछाड आणि बाईचा नाच मात्र बाजूला केला. विषय कुठून आणले? महारवाड्यातून. मेलेल्या जनावराचे मांस, येसकरकी, दारू, मुलाला शाळेत घालायचे की नाही यावरचे नवरा-बायकोचे भांडण, हेच त्यांचे विषय.

येसकराची घुंगरकाठीच घ्या. ती काठी पिढ्यान् पिढ्या आपल्या घराच्या कोपऱ्यात उभी होती. काहींना तिचा अभिमानही होता, कारण ती वतनाची खूण होती. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाबाबतचे विधेयक मुंबई कायदे मंडळात मांडले. कायद्याची ती भाषा लोकांच्या बोलीत नेण्याचे काम जलशाने केले. वतनाची ऐट मिरवणारा गडी रंगमंचावर आला, की प्रेक्षक त्याच्यावर हसत आणि हसता हसता आपल्या घरच्या काठीकडे नव्याने पाहत. वस्तू तीच राहिली, नजर बदलली. म्हणूनच कर्डकांचा एक जलसा म्हणजे आपल्या दहा सभा, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते.

माझा या लेखातला मुख्य मुद्दा हाच आहे. रोजचे जग हा कच्चा माल आहे. त्यातून कला होते ती विचाराच्या भट्टीत. हजार वर्षे दुःख होते, पण त्या दुःखाला 'हे नशीब नाही, हा अन्याय आहे' असे म्हणायला शिकवणारा विचार मिळाला, तेव्हा मराठी भाषेत स्फोट झाला.

दुकानांच्या पाट्या आणि दगडाच्या खाणी

वामनदादा कर्डक १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. मुंबईत मजुरीची अनेक कामे त्यांनी केली. मोठे होईपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता येईना, याची लाज त्यांना बोचली. मग त्यांनी बाराखडी गिरवली, आणि रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरे पक्की केली. विचार करा, ज्या पाट्यांखालून आपण रोज जातो त्या एका माणसाची शाळा झाल्या, आणि त्या शाळेतून आपल्याला हजारो गीते मिळाली.

अण्णाभाऊ साठे वाटेगावहून पायी मुंबईला आले. 'स्मशानातलं सोनं' ही त्यांची कथा वाचली नसेल तर आजच वाचा. तिचा नायक भीमा मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते आणि पोटासाठी तो मसणवटीतली राख आणि प्रेते उकरून सोने शोधू लागतो. खालापूर, कर्जत, पनवेल पट्ट्यात ज्यांनी खाणी आणि खडीच्या मशिनी पाहिल्या आहेत, त्यांना 'खाण बंद पडली' या शब्दांतली धडकी समजावून सांगावी लागत नाही.

इथे युरोपचे एक उदाहरण घेते. १८४९ साली गुस्ताव्ह कूर्बे या फ्रेंच चित्रकाराने रस्त्याकडेला खडी फोडणारे दोन मजूर रंगवले. इतक्या मोठ्या कॅनव्हासवर मजूर कशाला, म्हणून तिथल्या प्रस्थापितांनी नाके मुरडली. तो कलावंत धाडसी होता, यात शंका नाही. पण त्या चित्रात दोघाही मजुरांचे चेहरे नीट दिसत नाहीत, एकाची तर पाठच आपल्याकडे आहे. चित्रकार रस्त्यावर उभा राहून बघत होता. अण्णाभाऊंच्या भीमाला मात्र चेहरा आहे, भूक आहे, राग आहे, कारण लिहिणारा खाणीच्या बाजूने बघत होता. बाहेरच्याने सहानुभूतीने बघणे आणि आतल्याने स्वतः बोलणे यात हे अंतर आहे. २ मार्च १९५८ रोजी दादरच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात अण्णाभाऊंनी पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावरून काढून दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर ठेवली, ती याच आतल्या नजरेने.

बाबूराव बागुलांना रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेत राहताना खोली मिळवायला जात लपवावी लागली. त्या अनुभवातून 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आली, आणि १९६३ साली त्याच नावाचा संग्रह. खोली भाड्याने शोधणे ही किती साधी गोष्ट! पुण्या-मुंबईत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना विचारा, आडनाव सांगताच घरमालकाचा आवाज कसा बदलतो. साठ वर्षांपूर्वीची ती कथा अजून जुनी झालेली नाही.

नामदेव ढसाळ गोलपिठ्याच्या ढोर चाळीत वाढले. वडील खाटकाकडे कामाला, आणि नामदेव स्वतः टॅक्सी चालवत. १९७२ साली 'गोलपिठा' आला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, आणि तेंडुलकरांसारख्या मोठ्या लेखकाला त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारावे लागले. ते शब्द ढसाळांनी घडवलेले नव्हते, रोज हजारो लोकांच्या तोंडी होते. तेही मराठीच होते. फक्त 'मराठी साहित्य' नावाच्या घरात त्यांना तोवर प्रवेश नव्हता.

आणि आपल्या शेजारचे नेरळ विसरू नका. नारायण सुर्वे आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत तिथे राहिले. गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांना उघड्यावर सापडलेले हे मूल. शाळेत शिपाई आणि पुढे शिक्षक झाले. १९६६च्या 'माझे विद्यापीठ'मध्ये त्यांनी रस्त्यालाच विद्यापीठ मानले. ते मार्क्सवादी होते, आपले त्यांच्याशी मतभेद असू शकतात. पण कर्जतच्या लोकलमध्ये चढणाऱ्या पोरांना आपल्या तालुक्यात कोण राहून गेले, हे माहीत असायला हवे.

बातमी आणि कविता

आता त्या परीक्षकांच्या आक्षेपाला सरळ उत्तर देऊ. रोजचे जगणे जसेच्या तसे उतरवले म्हणजे कला होते का? नाही होत. ते बरोबर बोलले असते, जर मुलाने गेटपासचा नमुना नंबर लिहून दिला असता. पण त्याने पासवरच्या फोटोतले केस आणि आईचे आजचे केस शेजारी ठेवले. बारा वर्षांची ठेकेदारी त्या दोन केसांत मावली. निवड केली, जोडणी केली, आणि वाचणाऱ्याला स्वतःहून अर्थापर्यंत जाऊ दिले. कला याहून वेगळे काय करते?

नागराज मंजुळेंच्या 'फॅन्ड्री'तला (२०१३) प्रसंग आठवा. जब्याचे कुटुंब मारलेले डुक्कर बांबूला बांधून खांद्यावरून नेत असते, आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीमाई दिसतात. अशी भिंत महाराष्ट्रात शाळाशाळांत आहे. मंजुळेंनी काही नवे बांधले नाही, कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवले. एकही संवाद नाही, आणि आपली मान खाली जाते.

चौकची दोन दृश्ये

चौक-कर्जत रस्त्याला हातनोलीजवळ २००५ साली नितीन देसाईंनी एन. डी. स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'चा बादशाही किल्ला इथे उभा राहिला. देसाई मोठे कलादिग्दर्शक होते, आणि सेट उभारणाऱ्या हातांत सुतार, रंगारी, मजूर असे कष्टकरीच असतात. म्हणून मी त्या कलेला नावे ठेवत नाही. पण त्याच चौकजवळ, इर्शाळगडाच्या उतारावर, ठाकर आदिवासींची एक खरी वाडी होती. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे मिळालीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. मदत पायी डोंगर चढून गेली.

प्लायवूड आणि प्लास्टरचा महाल आपण ओळखतो, कारण तो पडद्यावर आला. इर्शाळवाडी बहुतेकांना कळली ती मेल्यावर. तिथल्या बायांची लग्नातली गाणी, तिथल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी, शेताची आणि रानाची नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली होती? मीही नव्हती. 'इर्शाळगडावरचं धुकं बघ' म्हणणाऱ्याला धुके दिसते आणि धुक्याखालची वाडी दिसत नाही, हाच माझा आक्षेप आहे.

आपल्याच घरात डोकावू

टीका दुसऱ्यांवर करून थांबणे सोपे आहे. आज आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजणारी बरीचशी गाणी ऐका. भीमाचा जयजयकार आहे, वाघ आहे, रुबाब आहे, गाडी आहे. वस्ती कुठे आहे? ठेकेदारी कुठे आहे? बंद पडलेली शिष्यवृत्ती, दिवाळीनंतर खर्ची घेऊन वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब, घरकामाला जाणारी आई कुठे आहे? वामनदादांनी बाबासाहेबांना गाताना आपल्या माणसांनाही गायले, त्यांच्या चुकाही सांगितल्या. नुसती स्तुती करणे म्हणजे बाबासाहेबांना पुन्हा देव करून मखरात बसवणे आहे. ते त्यांना मान्य नव्हते.

म्हणून तीन कामे सुचवते. पहिले, घरातल्या आजीच्या, आत्याच्या ओव्या आणि गाणी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा, आणि गाणारीचे नाव तिला विचारून सोबत लिहा. दुसरे, विहारात दर रविवारी बुद्ध वंदनेनंतर अर्धा तास कोणीतरी आपल्या कामाच्या दिवसाबद्दल लिहिलेले वाचावे. बिगारी, रिक्षावाला, नर्स, डिलिव्हरी करणारा, सगळ्यांनी. तिसरे, जलसा पुन्हा उभा करा. ढोलकी आहे, पोरे आहेत, विषयांचा तर डोंगर आहे.

बुद्धाने आपल्याला पाहायला शिकवले. सतिपट्ठानात श्वास, चालणे, जेवणे ह्या रोजच्या क्रिया जागेपणी पाहायला सांगितल्या आहेत. जागेपणी पाहिलेले जग आणि बाबासाहेबांनी दिलेला विचार, एवढी शिदोरी आपल्या कलावंताला पुरेशी आहे.

त्या मुलाला मी सांगितले, कविता फाडू नकोस. पुढच्या रविवारी त्याने ती विहारात वाचली. त्या दिवशी त्याची आई शेवटच्या रांगेत बसली होती. कविता संपल्यावर तिने पिशवीतून गेटपास काढला आणि शेजारच्या बाईला दाखवला, "हा बघ, ह्याच्यावर लिवलंय पोरानं." मग तो पास अख्ख्या विहारात हातोहात फिरला.

जय भीम! नमो बुद्धाय!